सोळा इंचांची पट्टी

मे महिन्याच्या मध्यावर, भर दुपारी वादळी वारा सुटला आणि राहीच्या दारासमोरचा रायवळ आंबा मुळासकट उन्मळून पाखाडीच्या पायऱ्यांवर आडवा झाला. पाखाडीच्या दोन्ही अंगांना जांभ्या दगडांचे बुटके गडगे होते. खोड त्या दोन गडग्यांवर टेकून मधेच लटकत राहिलं. वाडीत उतरायची वाट बंद झाली. विहिरीवरून कळशी आणायची, तर राहीला कातळावरून मोठा वळसा पडायला लागला.

राहीचा नवरा काशीराम मुंबईत कंपनीत. वाडीत लाकूड कापायची मशीन एकट्या हरिश्चंद्रकडे, म्हणजे राहीच्या थोरल्या दिराकडे. राही दुसऱ्याच दिवशी त्याच्याकडे गेली.

"बघू," तो म्हणाला. "सध्या वेळ नाही."

चार दिवसांनी ती परत गेली. "भावोजी, लाकडं आत्ता फोडली तर पावसाआधी वाळतील. आगोट जवळ आली."

"काशीराम गणपतीला येईल ना? तेव्हा बघू दोघं भाऊ. तोपर्यंत जा की वळशानं, पायाला काय झालंय?"

राही बाहेर आली. झाड तिच्या हिश्श्यातलं, पाखाडी तिच्या दारातली, चूल तिची. आणि ठरवणार गणपतीला. तिनं पडवीत बसून काशीरामला फोन लावला.

"मी मशीन घेतेय."

"कसली?"

"लाकूड कापायची."

काशीराम म्हणाला, "दादा नाराज होतील गो. आणि तुला जमणार काय ते?"

"दादा नाराज आधीपासूनच आहेत. आणि जमतं का, ते चालवल्याशिवाय कसं कळेल?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती हातखंब्याला उतरली. नाक्याजवळ शेतीच्या अवजारांचं दुकान होतं. दुकानदार सुजय तिशीचा, बोलायला नीट. त्यानं एक छोटीशी हिरवी मशीन काउंटरवर ठेवली.

"काकी, ही बघा. बॅटरीवर चालते. हलकी आहे, लेडीजसाठी एकदम बरोबर."

राहीनं ती उचलली. चेन फिरते ती पट्टी तिच्या वितीपेक्षाही लहान होती. "ही काय कापेल?"

"फांद्या कापते की. मनगटाएवढ्या."

"माझं खोड दोन वीत जाड आहे."

शेजारी गवत कापायच्या मशीनची तार निवडत एक गृहस्थ उभे होते. ते हसून म्हणाले, "मग ती बावीस इंची घ्या वहिनी. घ्यायची तर ताकदीची घ्यावी. घरात कोणीतरी पुरुषमाणूस असेलच चालवायला."

"चालवणार मी," राही म्हणाली.

तिनं बावीस इंची मशीनही उचलली. कमरेपर्यंत आली, पण पुढचं तोंड खाली झुकायला लागलं. ती धरून तिनं मनातल्या मनात पन्नास आकडे मोजले. तिसाच्या पुढे हात थरथरायला लागला. तिनं मशीन खाली ठेवली.

"थकलेल्या हातात ही नको. मधली दाखवा."

सुजयनं सोळा इंचांची पेट्रोलची मशीन काढली. तिचं पन्नास मोजून झालं तरी हात स्थिर होता.

"पण दोन वीत खोडाला सोळा इंच पुरतील का?"

"दोन्ही बाजूंनी कापायचं, काकी. अर्धं इकडून, अर्धं तिकडून. पुरेल."

"मशीन उसळली तर?"

सुजयनं आता पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. पुढच्या दांड्यासमोरची काळी पाटी त्यानं ढकलून दाखवली. "हा ब्रेक. हात यावर आपटला की चेन जागच्या जागी थांबते. पट्टीचं टोक लाकडाला लावायचं नाही, उसळते ती तिथूनच. आणि साडी नेसून चालवायची नाही. पदर ओढला गेला तर संपलं."

"सुरू करून बघू."

"मी करून दाखवतो ना."

"तुम्ही माझ्या घरी येणार आहात का रोज?"

दुकानामागच्या अंगणात मशीन जमिनीवर ठेवली. राहीनं दोरी ओढली. मशीन नुसतीच खोकली. दुसऱ्यांदा तेवढंही नाही. ते गृहस्थ दारात येऊन उभे राहिले होते. त्यांच्या हसण्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. तिनं मागच्या मुठीत पाय घट्ट रोवला, डाव्या हातानं पुढचा दांडा दाबला आणि खांद्यापासून दोरी खेचली. मशीन धडधडून सुरू झाली. हसणं त्या आवाजात बुडालं.

पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळायचं, चेन किती ताणायची, ते तिनं दोनदोनदा विचारून घेतलं. धार लावायची कानस सुजय दाखवायला लागला तेव्हा मात्र ती म्हणाली, "ते राहू दे. कोयतीला धार लावण्यात जन्म गेलाय."

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत राही पाखाडीवर उभी होती. अंगात काशीरामची जुनी पँट, पायात गमबूट, डोळ्यांवर दुकानातून आणलेला चष्मा. मशीन सुरू झाल्याचा आवाज ऐकून हरिश्चंद्र आलाच.

"हा काय वेष? वाडीत हसतील लोक."

"हसू देत. बाजूला व्हा भावोजी, भुसा उडेल."

पहिल्यांदा तिनं फांद्या छाटल्या. ते सोपं गेलं. मग खोडावर वरून पट्टी टेकवली. पांढरा भुसा उडाला, पट्टी वीतभर आत गेली आणि एकदम गच्च अडकली. लटकतं खोड मधोमध खचलं होतं आणि वरची चीर मिटून पट्टी चिमटली होती. राहीनं मशीन बंद केली. ओढून बघितली. हलेना.

हरिश्चंद्र गडग्यावर बसला होता. तिनं आपल्याला हाक मारावी, एवढीच वाट बघत होता.

राहीनं हाक मारली नाही. छाटलेल्या फांदीतून तिनं कोयतीनं एक पाचर तासली, चिरेत बसवली आणि कोयतीच्या पाठीनं ठोकली. एक, दोन, पाच घाव. चीर किंचित उघडली. पट्टी सुटली तेव्हा तिचा घाम हनुवटीवरून टपकत होता. ती खोडाच्या खाली वाकून बघत राहिली. वरून दाबतंय, तर खालून फाकणार. म्हणजे उरलेलं खालून कापायचं.

खालून कापताना मशीन तिला मागे ढकलायला लागली. तिनं पाय रोवले, कोपर अंगाशी धरलं. मग कड्कन आवाज झाला, ती झटकन मागे सरली आणि खोडाचे दोन तुकडे पाखाडीवर आदळले. जमीन पायाखाली हादरली.

हरिश्चंद्र उठला. "दे इकडे. उरलेलं मी करतो. तू दमलीस."

"दमले," राही म्हणाली. "पण मशीन नाही देणार. काम करायचं असेल तर त्या फांद्या ओढा परसात."

हरिश्चंद्रनं खाली वाकून एक फांदी धरली. ती जड होती. तरी ओढत नेली, आणि दुसरीसाठी परत आला.

संध्याकाळपर्यंत पाखाडी मोकळी झाली. पुढच्या आठ दिवसांत ओंडके फोडून पडवीत रचून झाले. त्या आठवड्यात खालच्या वाडीतली निशिगंधा येऊन म्हणाली, "वैनी, आमचा फणस गोठ्यावर पडलाय. कोण येत नाही."

राही कानशीनं चेनला धार लावत होती. मान वर न करता ती म्हणाली, "उद्या येते. पँट घालून येईन, तुझ्या सासूला सांगून ठेव."