दोन पिवळे चौकोन

चौऱ्याहत्तर साली कलकत्त्यात, आमच्या खिदिरपूरच्या सरकारी क्वार्टरला दुर्गापूजेआधी रंग द्यायचं ठरलं. एस्प्लनेडच्या दुकानातून मी पिवळ्या डिस्टेंपरचे दोन नमुने आणले आणि बैठकीच्या भिंतीवर शेजारी शेजारी दोन चौकोन रंगवले. एकात गायीच्या तुपाची झाक, दुसऱ्यात पिकल्या केळ्याच्या गराची. निवड श्यामलाची, म्हणजे माझ्या बायकोची.

पूजा झाली, दिवाळी झाली, थंडी आली. निवड काही होईना.

"सकाळी तुपाचा बरा वाटतो," ती म्हणे, "पण संध्याकाळी दुसरा."

"मला होकार द्यायला एवढा वेळ लागला नव्हता तुला," मी चिडवायचो.

हळूहळू मलाही त्या चौकोनांचा नाद लागला. रविवारी जेवून चटईवर आडवं व्हावं, गोदीतून बोटीचा भोंगा यावा आणि ऊन सरकत सरकत भिंतीवर चढावं. मग दोन्ही पिवळे एकमेकांत विरघळत, मधली रेघ दिसेनाशी होई आणि तिथे भिंत नसून कुठलंसं मोठं अंगण आहे असं वाटे. आमची मुलगी लीना तिथेच मैत्रिणींबरोबर बंगालीत खिदळत बसे. डोळे मिटले तरी तो पिवळा आत राही. मला फार सुखाचं वाटे.

जानेवारीत साहेबांनी बोलावलं. बढती, पण मद्रासला. शनिवारपर्यंत काय ते सांगा, म्हणाले. घरी मी त्यातलं काही बोललो नाही. एवढंच म्हटलं, "या रविवारी रंगारी बोलावतो. आता निवडच."

श्यामलाचा चेहरा पडला.

"नको हो. कांडल्याला मोगरा लावला, कळ्या धरल्या आणि ऑर्डर आली. विशाखापट्टणमला पडदे शिवले, तर महिन्यात सामान बांधलं. घर मनासारखं लावलं की आपली बदली होते. दोन्ही गावांत लीना मुक्यासारखी वावरली. इथे कुठे हसायला लागलीय पोरगी!"

मी हसलो नाही. बदलीवाल्यांच्या घरात असल्या गोष्टींना कुणी हसत नाही.

शनिवारी साहेबांना नाही म्हणून आलो. त्यांनी मला वेड्यात काढलं. घरी येऊन बूट काढता काढता श्यामलाला सगळं सांगून टाकलं: मद्रास, बढती, माझा नकार. ती पाठ फिरवून त्या दोन चौकोनांपाशी गेली. बढती घालवली म्हणून रागावली की काय, अशी मला धास्ती वाटली.

"तुपाचा," ती डोळे पुसत म्हणाली. "पहिल्या दिवसापासून मला तोच आवडलाय."