मेंढ्या कशानं मेल्या

सत्त्याण्णव साली पावसानं मधेच दडी मारली होती. अंथुर्ण्याच्या जोतीरामच्या पाच मेंढ्या एका दुपारी तडफडून मेल्या, तेव्हा त्यानं शेजारच्या अय्युबची गचांडी धरली. अय्युबनं आदल्या दिवशी वांग्यांवर औषध फवारलं होतं, आणि बांधावरून दोघांचं जुनं वैर होतं.

"इख घातलंस तू!"

"तुझ्या मेंढ्या माझ्या बांधाला आल्याच कशाला?" अय्युबनं हात झटकला.

माणसं मधे पडली. बारामतीहून गुरांचे डॉक्टर बापूसाहेब आले. त्यांनी एक मेंढी फाडली. रक्त लालभडक होतं, पोटात ज्वारीचा पाला होता. मग ते जोतीरामच्या रानात गेले. चाऱ्याची ज्वारी कापून नेलेली होती. धसकटांना आलेले फुटवे मेंढ्यांनी खुडले होते.

"सकाळी इथंच चारल्या?"

"व्हय. कोवळी ज्वारी चारू न्हाय, येवढं मलाबी कळतं. ही कापून झाल्याली हाय."

"फुटवे कोवळेच की. पाणी नसलं की त्यात विष वाढतं."

जोतीराम भडकला. "मेंढ्या मेल्या. ह्यानं फवारलं. आमचं भांडान हाय. ह्यातलं खोटं काय, सांगा."

"काहीच खोटं नाही. पण ते जोडून तुम्ही जे म्हणता, तो तुमचा तर्क. माझाही तर्कच. पण माझा चुकला तर आत्ता इथंच उघडा पडेल."

त्यांनी दोन बाटल्या घेतल्या. एकीत ठेचलेले फुटवे, दुसरीत अय्युबच्या बांधावरचं गवत. दोन्हींत बॅगेतल्या रसायनात बुडवलेला पिवळा कागद टांगून बुचं लावली. "ज्वारीचं विष असलं तर कागद लाल होतो. फुटव्यांचा पिवळाच राहिला तर मी चुकलो."

थोड्या वेळानं फुटव्यांच्या बाटलीतला कागद विटकरी झाला. दुसरा पिवळाच राहिला.

"फवाऱ्याचं इख ह्या कागदाला कळतं का?" जोतीरामनं विचारलं.

डॉक्टरांनी मान हलवली. "नाही. पण त्यानं तोंडातून लाळेच्या धारा लागतात. मेंढ्यांची तोंडं मी बघितली, कोरडी होती."

"आन् माझ्या शेळ्या सकाळपासनं त्याच बांधावर चरत्यात," अय्युब म्हणाला. तो जोतीरामच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. "आता म्हन सगळ्यांम्होरं. अय्युबनं इख घातलं न्हाय."

"कागद लाल झाला, येवढं म्हनतो. ते डोळ्यांनी बघितलं. त्याच्या पुढचं न्हाय."

"मग उद्या पुन्हा इथंच चारा!" डॉक्टरांनी बॅग आपटून बंद केली.

दुसऱ्या दिवशी जोतीरामनं सगळी धसकटं मुळासकट उपटून पेटवून दिली. बायको भागूबाई म्हणाली, "पटलं म्हनूनच जाळताय न्हवं? मग जाऊन सांगा की त्याला."

"जाळतोय ते मेंढ्यांसाठी. त्याच्यासाठी न्हाय."

धूर बघून अय्युब बांधापर्यंत आला. जोतीरामनं मान वर केली नाही. शेवटी अय्युब थुंकला आणि मागं फिरला.