कमानीखालचा उजेड

शालिग्राम मास्तर वाशीमच्या शाळेत चित्रकला शिकवीत. १९३६च्या माघात त्यांना मुलगी झाली. रिसोडहून, बायकोच्या माहेराहून, तसा निरोप आला आणि त्या आनंदात त्यांनी तळ्याच्या घाटाचं चित्र काढायला घेतलं. पायऱ्या, देवळाचा कळस, पाण्यालगतची कमानीची ओसरी, सगळं सकाळच्या उन्हातलं.

पंधरा दिवसांनी चित्र शाळेच्या व्हरांड्यात टांगलं गेलं. हेडमास्तर म्हणाले, "हात चांगला आहे, पण फार उदास वाटतं. संध्याकाळ ना ही?"

मास्तरांचा चेहरा पडला. चित्र उतरवून त्यांनी घरी आणलं आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गोजराबाई मेथी घेऊन दारात आली. तळ्यापलीकडे तिचा मळा होता. रोज तांबडं फुटताच ती घाटावरून बाजारात जाई. पाठमोरं चित्र पाहून तिनं विचारलं, "मास्तर, हे असं उलटं काहून ठेवलं?"

मास्तरांनी ते सुलटं केलं. ती पाटी खाली ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"आपला घाट! सकाळचाच हाये. पायरीवर ओली पावलं दिसून राह्यली ना. दुपारनंतर पायरी तापते, पाणी टिकत नाही."

"मग लोकांना उदास का वाटतं?"

"तुमी कमानीखाली काजळ फासलं म्हून! तिथं कुठं अंधार हाये? सकाळी पाण्यावरचा उजेड वर चढते, छताले लागून नाचते. उद्या या, दाखवतो तुमाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर घाटावर गेले. सूर्य समोरून वर आला होता. ओसरीच्या छतावर पिवळ्या उजेडाच्या लाटा हलत होत्या. खांबांच्या सावल्यासुद्धा काळ्या नव्हत्या, जांभळट होत्या. हे ठिकाण त्यांनी दुपारी, शाळा सुटल्यावर, अंदाजानं रंगवलं होतं. त्यांना स्वतःचंच हसू आलं.

चार दिवस त्यांनी तिथं बसून काळा रंग खरवडला. हळदी, जांभळा भरला. चित्र पुन्हा टांगलं तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "हे नवीन काढलंत? बघून न्हायल्यासारखं वाटतं!"

गोजराबाई आपल्या जावेला, कस्तुराबाईला, घेऊन चित्र बघायला आली. कस्तुराबाईनं निरखून पाहिलं आणि म्हणाली, "समदं हाये, पण आमी कुठं हाओत? आमी रोज जातो ना तिथून!"

"खरंच की," म्हणत मास्तरांनी तिथंच कुंचला काढला आणि वरच्या पायरीवर दोन लाल लुगडी चढवली.