डेल्फीचे गमबूट

बुटात काहीतरी खुळखुळलं आणि रेनाचा हात हवेतच थांबला. आतल्या खोलीत जूनी झोपली होती. पोरीची दुपारची झोप एवढाच काय तो रेनाचा स्वतःचा वेळ. तिने कान दिला. कूस बदलल्याची सळसळ, मग पुन्हा शांतता.

तिने सासूचा, डेल्फीचा, गमबूट उपडा करून हलक्या हाताने झटकला. काही पडलं नाही. खडे असतील. असू देत, पाणी निथळायला तळाशी खडे लागतातच. पकडीत धरलेला खिळा शेगडीवर लाल करून तिने टाचेला भोकं पाडली. उजव्या बुटाला अंगठ्यापाशी आधीच चीर गेली होती.

"आता बुटांची पाळी का?" दारातून सासरे, होबर्ट, म्हणाले. त्यांच्या हातात फावडं होतं. "या घरात कुणी दोन मिनिटं टेकलं, की तू त्याच्या बुडाला भोक पाडून माती भरतेस. मी उगाच नाही उभा राहत."

रेना हसली. गळका टब, कॉफीची किटली, कपाटाचा खण, सगळ्यांत तिने फुलं लावली होती. पण हे बूट वेगळे होते. मेच्या शेवटच्या रविवारी सगळं खोरं टेकडीवर जमायचं, आपापली थडगी फुलांनी सजवायचं आणि तिथेच गवतावर चादरी अंथरून जेवायचं. त्या दिवशी थडगं उघडं राहणं म्हणजे घराची लाज. डेल्फी गेल्यानंतरचा हा पहिला मे. हे बूट फुलांसकट तिच्या थडग्यावर जाणार होते.

"पेटुनिया लावते, बाबा. जांभळ्या फुलांची."

"डेल्फीच्या बुटात पेटुनिया," ते पुटपुटले आणि फावडं घेऊन परसात गेले.

तिथे त्यांनी घेवड्याच्या काठ्या रोवल्या होत्या. दरवर्षीसारख्याच, तीन-तीन एकत्र बांधून. रेना त्या बाजूला बघायचं टाळत होती.

फेब्रुवारीत डेल्फीच्या मयतीला घर माणसांनी भरलं, तेव्हा तिने फ्रीजरमधून हाताला लागली ती घेवड्याच्या दाण्यांची बरणी काढली होती. डुकराच्या खारवलेल्या हाडाबरोबर तो शिजवला, मक्याचा पाव केला. सगळे जेवले. संध्याकाळी बरणी विसळताना तळाशी कापडाची चिंधी दिसली. हीच चिंधी डेल्फी लग्नात माहेरून घेऊन आली होती, तिच्या आजीच्या आजीपासूनचं बियाणं बांधून. तो घेवडा या खोऱ्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हता, आणि बरणीतलं सगळं बियाणं शिजून गेलं होतं. रेनाने चिंधी वाळवून उशीखाली ठेवली. सासऱ्यांनी कधी काही विचारलं नाही. मे आला तशा काठ्या मात्र रोवल्या.

रविवारच्या आदल्या दिवशी सकाळी ती पेटुनियाला पाणी घालत होती. जूनी बुटांसमोर पालथी पडून काहीतरी बघत होती.

"आई, आजीच्या बुटातून अंगठा बाहेर आलाय!"

"काहीतरीच तुझं."

"खरंच! हिरवा आहे."

रेना वाकली. रबराच्या चिरेतून एक जाड, वाकडी मान बाहेर आली होती. कोवळी आणि ओली. डोकं अजून आत अडकलेलं. ती बघत असतानाच, की तिला तसं वाटलं, मान जराशी हलली, चीर किंचित फाकली आणि दोन जाड दलं उघड्यावर आली. एका दलावर बीचं साल टोपीसारखं चिकटलं होतं. तपकिरी, डोळ्याभोवती पांढरी कड, डेल्फीच्या घेवड्याचीच.

तिच्या हातातल्या डब्यातून पाणी तसंच सांडत राहिलं.

मागच्या उन्हाळ्यात डेल्फी एप्रनच्या खिशात बी घेऊन पेरत होती. एखादा दाणा बुटात घरंगळला असेल. त्यावर ती दिवसभर चालली असेल. पुढे बूट पडवीत पडून राहिले, थंडी गेली, डेल्फी गेली. दाणा मात्र आत जागा होता.

"बाबा!"

होबर्ट आले. गुडघ्यांची कुरकुर न ऐकता ते खाली बसले, डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली.

"बाबा, ती बरणी... मयतीच्या दिवशी मीच..."

"दोन वाडगे खाल्ले मी." त्यांची नजर रोपावरून हलली नाही. "सगळ्यात टपोऱ्या शेंगा ती बियाण्याला ठेवायची. जन्मभर माझ्या ताटात उरलंसुरलं. एकदाच काय ते चांगलं खायला मिळालं."

"मग बोलला का नाहीत?"

"मीठ जरा कमी होतं. पण मयतीच्या दिवशी सुनेला ते कोण सांगणार?"

रेनाने पदरासारखा एप्रन तोंडाला लावला. ती हसत होती की रडत, तिचं तिलाच कळेना.

होबर्टनी एका बोटाने ते साल सोडवायचा प्रयत्न केला, मग हात मागे घेतला. "त्याचं ते पाडेल," ते म्हणाले. "उद्या टेकडीवर एकच बूट जाईल. डावा."

"एकच? लोक काय म्हणतील?"

"सांगू, दुसरा कामावर आहे."

रेना आत जाऊन उशीखालची चिंधी घेऊन आली. होबर्टनी ती ओळखली. उठून परसातल्या जवळच्या काठीला बांधली.

जूनी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. मग ती पुन्हा पालथी झाली, गाल मातीला टेकवून बुटाच्या चिरेत डोळा लावला.

"आई," आतच बघत तिने विचारलं, "तू सगळे दाणे शिजवून टाकणार, हे आजीला माहीत होतं?"