अर्धं उरलेलं टेबल

मी एक जुनं टेबल आहे, मित्रांनो. खरं तर आता अर्धंच. पण सुरुवात तरी अख्ख्याने करू द्या की!

सुताराने मला एकाच खोडातून घडवलं आणि नदीकाठच्या खोलीत ठेवलं. नदीच्या दोन्ही काठांवर दोन देश, मधला पूल सामान्य माणसांना बंद. तो उघडायचा की नाही, हे माझ्यावर कोपरं टेकूनच ठरणार होतं. काय रुबाब होता माझा! रोज पॉलिश!

आमच्या दुभाषी ताई माझ्या टोकाला बसायच्या. त्यांची आई पलीकडच्या काठावर अंथरुणाला खिळलेली. पूल उघडला तरच मायलेकींची भेट.

सल्लागार काका पक्के वास्तववादी. "इथे कोणी कोणाचं नसतं. वरचढ दिसलात तरच समोरचा ऐकतो," म्हणत त्यांनी बोलणी करायला आलेल्या आपल्या साहेबांच्या खुर्चीत उशी ठेवली. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या साहेबांखाली दोन उशा! मग आपल्या तीन. भांडायचं कोणालाच नव्हतं हो, पण खाली बसायचंही नव्हतं.

व्यापार खात्यातल्या बाई उदारमतवादी. "अहो काका, बाजार सुरू करा. एकमेकांवाचून अडायला लागलं की भांडण परवडणार नाही."

"आणि त्यांनी मालच अडवला तर? उशी द्या इकडे!"

ताई हळूच म्हणाल्या, "शत्रू काय जन्मतःच असतो? आपण एकमेकांना तसं म्हणत राहिलो, म्हणून झालो."

"अगं, यालाच रचनावाद म्हणतात!" बाई खुलल्या.

"नाव काही का असेना. पूल उघडेल ना?"

करार तयार झाला. सहीच्या दिवशी दोन्ही साहेब इतके उंच बसले होते, की पाय लोंबकळत होते आणि हात कागदापर्यंत पोचेना. सहीसाठी वाकावं लागणार होतं.

"आधी त्यांना वाकू दे," काका कुजबुजले. "नाहीतर आपलाच वाकलेला फोटो छापून येईल."

पलीकडेही तीच कुजबुज. सकाळची संध्याकाळ झाली. कोणीच वाकलं नाही. बोलणी मोडली.

माझं काय करायचं, यावर मात्र लगेच एकमत झालं. मधोमध कापा, अर्धं त्यांना, अर्धं आपल्याला!

करवत चालू असताना ताई दारात आल्या. "काका, आई गेली. पलीकडच्या दुभाष्याने आत्ताच सांगितलं."

काकांनी साहेबांच्या खुर्चीतली वरची उशी काढून खाली ठेवली.

मित्रांनो, टेबलाची निगा म्हणजे नुसतं पॉलिश नव्हे. समोरच्याची उशी बघून आपली वाढवू नका, एवढंच मागणं आहे. ऐकेल कोण, देव जाणे; पूल अजून बंदच आहे. दोन पायांवर टेबल उभं राहत नाही, म्हणून मला अडगळीत भिंतीला टेकवलंय. पलीकडचं अर्धंही असंच कुठल्यातरी भिंतीला टेकलेलं असेल.