अक्कांच्या अंगणातली कोरांटी

परडी भरली तरी भिकुबाईचा हात थांबेना. हरतालिकेची सकाळ होती. गल्लीतल्या बायका पूजेला तिच्याच घरी जमणार होत्या, आणि पत्रीला काही कमी पडलं असं कुणी म्हणायला नको होतं. यंदा कोरांटी लवकर फुलली होती. तिने फुलं तर तोडलीच, वर कळ्या आणि कोवळे शेंडेही खुडून घेतले. निघताना मागे वळून पाहिलं, तेव्हा पालथ्या टोपल्यासारखं गोल दिसणारं ते झुडूप पार भुंडं झालं होतं.

झुडूप शेजारच्या लाडकुंवरअक्कांच्या अंगणात होतं, पण भिकुबाईच्या लेखी ते तिचंच. चीनची लढाई झाली त्या वर्षी तिचा नवरा सुपडू जळगावच्या एका कापसाच्या जिनात कामाला लागला आणि ती भडगावकडच्या खेड्यातून इथे आली. येताना माहेरच्या कुंपणातली जांभळ्या कोरांटीची फांदी तिने ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. खोलीपुढे बघते तर नुसती फरशी. तेव्हा अक्काच आपणहून म्हणाल्या, आमच्या अंगणात लावा की, माती काय तुमची-आमची असते.

कोरांटीचे लाड करावे लागत नाहीत. मुरमाड जमीन, जळगावचं वैशाखातलं ऊन, भांड्यांचं उरलेलं पाणी, सगळं तिने पचवलं. बहर ओसरला की भिकुबाई विळ्याने ती निम्मी छाटायची, त्यामुळे झुडूप कधी वेडंवाकडं वाढलं नाही.

अक्का जैन. नवरा फुलचंदशेट, घराला लागूनच किराण्याचं दुकान. त्यांच्या पंथात देवाला फूल वाहायची रीत नव्हती आणि अक्का फूल तोडतही नसत. गळून पडलेली फुलं त्या सकाळी वेचून बुंध्याशीच ठेवत. भिकुबाईच्या देवाला मात्र जमिनीवर पडलेलं फूल चालत नसे, म्हणून ती उजाडताच येऊन ताजी तोडून नेई. पहिल्याच वर्षी अक्का एकदा हळूच म्हणाल्या होत्या, पडलेली घ्या ना. भिकुबाईने ते मनाला लावून घेतलं. फांदी आपण दिली आणि आपल्यालाच पडकी फुलं? तेव्हापासून नळावर ती बायकांना रंगवून सांगायची, शेठाणीचा जीव फुलातसुद्धा अडकतो. स्वतःच्या पोटालाही सोडत नाही हो, पाण्यात भिजवलेली कोरडी पोळी खाताना मी डोळ्यांनी पाहिलंय. बायका पोट धरधरून हसायच्या.

हरतालिका थाटात झाली. दोन दिवसांनी अक्कांची संवत्सरी, पजुसणाचा, म्हणजे पर्युषणाचा शेवटचा उपास. दुसऱ्या दिवशी सकाळी रीतीप्रमाणे अक्का सून मोहनबाईला घेऊन दारोदार क्षमा मागायला निघाल्या. भिकुबाईच्या ओट्यावर दोघी-तिघी बसल्या होत्या. अक्कांनी हात जोडले.

"खमत खामणा, भिकुबाई. वर्षभरात माझ्या वागण्याने मन दुखावलं असेल तर माफ करा."

भिकुबाई रंगात आली. "माफी काय मांगतस, अक्का? माले फुलं तोडू देतस, तितलंच पुरे शे."

ओट्यावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावला. अक्का पुढे निघाल्या. मोहनबाईचा पाय मात्र तिथेच अडला. सून तशी मुकी म्हणावी इतकी शांत, पण त्या दिवशी ती बोलून गेली.

"फुलं तोडलेली दिसली की सासूजी त्या दिवशी अळणी जेवतात. झाड आपल्या अंगणात लावून घेतलं, म्हणून पापही आपलंच म्हणतात. पहिल्या वर्षापासून नेम आहे. यंदा पजुसणात झाड ओरबाडलेलं पाहिलं, तेव्हापासून पाणीसुद्धा घेतलेलं नाही."

"मोहन, चल," अक्का एवढंच म्हणाल्या.

बायका एकेक करून उठून गेल्या. भिकुबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोरांटी एरवी आश्विनापासून पार थंडी सरेपर्यंत फुलते. इतके महिने, आणि तेही दर वर्षी, आपण घंटा वाजवून देवाला फुलं वाहिली आणि भिंतीपलीकडे ही बाई मिठाविना घास गिळत होती. त्याच घासावर आपण नळावर हशा पिकवला. स्वतःची लाज वाटून तिने दिवसभर दार लोटून घेतलं.

संध्याकाळी ती अक्कांच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. "अक्का, माले कोणी सांगं नही," असं म्हणाली, आणि म्हणतानाच तिला 'पडलेली घ्या ना' आठवलं. ती आणखीच ओशाळली. "तुमी तोडू नको असं का बरं नही सांगं?"

"सांगितलं असतं तर तुमच्या देवाची फुलं बंद झाली असती," अक्का म्हणाल्या. "ते पाप मी कुठे ठेवलं असतं?"

भिकुबाई पायरीवरूनच परत फिरली.

दिवाळीच्या सुमारास कोरांटीला पुन्हा फूट आली, कळ्या धरल्या. भिकुबाई रोज संध्याकाळी सुपडूचं धुतलेलं धोतर झुडपाखाली अंथरून यायची. पहाटे त्यावर जी फुलं गळून पडलेली असत, तेवढीच उचलायची. त्यांना जमीन लागलेली नसे. अशी फुलं देवाला चालतात का, हे तिने कुणाला विचारलं नाही. नळावर बायकांनी धोतरावरून टोमणे मारले, तेही तिने मुकाट्याने ऐकून घेतले. अक्का अंगणात दिसल्या की ती खाली मान घालून निघून यायची.

एक दिवस जेवणवेळेला अक्का तिच्या दारात आल्या. हातात रिकामी वाटी होती.

"भिकुबाई, थोडं मीठ देता? घरातलं संपलंय."

फुलचंदशेटच्या दुकानापुढे मिठाचं पोतं बारा महिने उघडं असे. भिकुबाईने वाटी शिगोशीग भरली. मीठ हातात देऊ नये, म्हणून ती उंबऱ्यावर ठेवली, आणि अक्कांनी उचलून नेईपर्यंत तिला मान वर करवली नाही.