सायखेड्याचं बोलावणं

आमच्या नृत्यनाट्याचं नायकपण नाशिक शहराकडेच होतं. तांबट आळीतली भांड्यांची ठोकाठोक, पंचवटीचे घाट, दर्ग्यावरचा उरूस, शरणपूरच्या चर्चची घंटा, नाशिक रोडला नोटांच्या छापखान्यात नोकरीला आलेली दूरदूरची माणसं, हे सगळं मुलं नाचून सांगायची. मुलंही त्याच वस्त्यांमधली. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी त्यांना शिकवत होते. २००२ च्या हिवाळ्यात आम्ही जिल्ह्याच्या दौऱ्यावर निघालो.

पहिला प्रयोग सायखेड्याला होता. निकिता त्यात फुलं विकणारी माळीण व्हायची. घरचीही माळीणच, मखमलाबादला त्यांची शेवंती. तिची आजी ठमाबाई टेंपोत आमच्याबरोबर बसली ती अट घालूनच. "सायखेडा माझं माहेर हाय, बाई. तिथं नातीकडं कुणी वाकडं बघितलं, तर ही पोर पुन्हा तुमच्या गाडीत बसायची नाय."

निकिता वाटभर शेवंतीची पाटी सावरत होती.

उतरून बघतो तर मैदानात नुसते पुरुष. पुढच्या रांगेतली दोन पोरं शिट्ट्या मारत होती. संयोजक समाधान यानं सकाळपासून रिक्षाला भोंगा बांधून गावभर पुकारा केला होता, 'नाशिकच्या पोरींचा झकास नाच!' गावाला वाटलं तमाशा आलाय. बायका घरातच राहिल्या.

"पण नाचच आहे ना, बाई?" समाधान कावराबावरा झाला.

"तुझी बहीण आलीय का बघायला?" ठमाबाईंनी विचारलं.

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"मग माझी नात कशाला नाचंल? निकिता, पिशवी उचल."

निकिताचे डोळे भरले. मुलांना शिकवताना उत्तर सांगायची घाई करू नये, हे मला सवयीनं ठाऊक होतं. मी एवढंच विचारलं, "निकिता, तुमच्याकडे बायकांना कार्याला कसं बोलावतात गं?"

"दारात जाऊन. कुंकू लावून."

"कुंकवानं निम्म्याच येतील," ठमाबाई म्हणाल्या. "माझ्यासारख्या विधवेला कोण लावतंय? अन् मुसलमान आळीत काय करशील?"

निकितानं डोळे पुसले. आपल्या प्रवेशासाठी आणलेली शेवंतीची पाटी उचलून डोक्यावर घेतली. "फूल देईन. आपलं फूल देवळात चालतं, दर्ग्यात चालतं, चर्चमध्ये चालतं. मग बाईच्या हातात का नाही चालणार?"

 ठमाबाईंनी पदर खोचला. "एकटी कुठं चाललीस? तुला घरं तरी ठाऊक हायेत का?"

तांबटांच्या ललितनं तांब्याचा हंडा काखेत धरून ताल धरला आणि सजलेली पोरं मागोमाग निघाली. निकिता फूल द्यायची, आजी हाका मारायची.

"वत्सले, बाहेर ये! माझी नात नाशिक कसं वसलं ते दाखवणार हाय!"

"ठमे, तू कधीपासून नाचाची आवतनं द्यायला लागलीस?" वत्सलाबाई दारातूनच हसल्या.

"आजपासून. चपला घाल."

मुसलमान आळीतल्या एका म्हातारीनं फुलाचा वास घेतला, आत वळून सुनांना हाक मारली आणि आमच्यापुढे चालू लागली.

दिवस मावळायच्या आत मैदान भरलं. शिट्टीवाले आपापल्या आयांना जागा देऊन मागे सरकले. ललितच्या ठोक्यावर अख्खी तांबट आळी उभी राहिली. निकिताचा प्रवेश आला, तेव्हा पाटीत एकही फूल उरलं नव्हतं. ती रिकाम्या पाटीनंच नाचली, आणि मान अशी तोलली की भरल्या पाटीचं ओझं मागच्या रांगेलाही दिसावं. एवढं काही मी तिला शिकवलं नव्हतं. 

प्रयोग संपल्यावर माहेरवाशिणीभोवती बायका जमल्या. "कुणाची गं ती माळीण?"

"कुणाची म्हंजे? माझी!" असं म्हणून ठमाबाई माझ्याकडे वळल्या. "परवा नाशिक रोडला ना, बाई? तिथं भोंगा फिरवू नका. आम्ही दोघी सकाळीच फुलं घेऊन येतो."

निकितानं माझ्याआधी टेंपोत उडी मारली आणि आजीला वर घ्यायला हात पुढे केला.